मजकूर योग्य आहे, बदल नको

३ मार्च, मंगळवार

आजपासून रोजनिशी. मन मोकळं करायला घरात दुसरं माणूस उरलेलं नाही, म्हणून.

शुक्रवारी तिने मला सोडलं. तीन वर्षांनंतर, ऑफिसच्या जिन्यात, दोघांच्या हातात चहाचे कप असताना. तिचं नाव इथे लिहिणार नाही. ती आमच्याच ऑफिसात चित्रं काढते, म्हणून यापुढे तिला फक्त 'चित्रकार' म्हणायचं. एवढा अलिप्तपणा मला सहज जमतो.

ती बरंच बोलली. सगळं आठवत नाही, कारण मी तेव्हा इस्त्रीच्या पुस्तिकेतल्या पान सातचा विचार करत होतो. शेवटचं वाक्य आठवतं. तीन वर्षं मी बोलतेय, तू एकदाही ऐकलं नाहीस, असं ती म्हणाली. मी म्हणालो, काय? ते जरा नको त्या वेळी तोंडातून गेलं.

बाथरूममधल्या ग्लासात आता एकच टूथब्रश आहे. एका ब्रशने ग्लास कलंडतो. आज तीनदा उचलला. फार वाईट वाटतंय. ग्लास बदलला की बरं वाटेल.

४ मार्च, बुधवार

ग्लास बदलला. नवीनही कलंडतो.

डोकं शांत ठेवायला वस्तुस्थिती लिहून काढावी. मिक्सर, इस्त्री, वॉशिंग मशीनच्या खोक्यात जी माहितीपुस्तिका येते, ती मी लिहितो. माझा मजकूर आधी तपासनीसकडे जातो. ही समोरच्या टेबलावरची बाई. तिचं काम काय, तर काहीच माहीत नसलेलं गिऱ्हाईक व्हायचं आणि मी लिहिलंय तेवढंच, अगदी तस्सं करून बघायचं. मागे मी किटलीच्या पुस्तिकेत 'झाकण लावावे व पाणी ओतावे' असं लिहिलं होतं. तिने झाकण लावलं आणि वरून पाणी ओतलं. टेबल, फायली, माझी पँट. तेव्हापासून आमचे संबंध औपचारिक आहेत.

तिला सापडलेल्या चुका ती गुलाबी चिठ्ठीवर लिहून फाइलच्या मागे टाचते. मी त्या वाचत नाही. अकरा वर्षांच्या अनुभवानंतर त्याची गरज नसते. स्वतःच्या पैशाने एक रबरी शिक्का करून घेतला आहे: 'मजकूर योग्य आहे, बदल नको.' तो चिठ्ठीवर मारायचा, चिठ्ठी तिला परत, फाइल बाहेरच्या ट्रेमध्ये. तिथून शिपाईकाका ती चित्रकाराकडे नेतात. ती आकृत्या काढते, मग छपाई. म्हणजे तिचा-माझा संबंध कागदोपत्री चालूच आहे. तिच्या हे लक्षात आलेलं दिसत नाही.

६ मार्च, शुक्रवार

चित्रकार वॉटर कूलरपाशी हसत होती. मोठ्याने. आतून कोलमडलेली माणसंच असं हसतात. तिला या अवस्थेतून बाहेर काढायला हवं आणि त्याला एकच उपाय आहे. तिच्या नाकावर टिच्चून महिनाभर दुसऱ्या कुणाबरोबर तरी फिरायचं. खोटं खोटं. तीस दिवसांच्या आत ती स्वतःहून परत येईल.

'दुसऱ्या कुणा'ची यादी केली. एकच जण निघाली, कारण ऑफिसातल्या बाकी सगळ्या बायका चित्रकाराच्या मैत्रिणी आहेत.

दुपारी तपासनीसला विचारलं. तिने हातातली इस्त्री खाली ठेवली आणि विचारलं, खोटं म्हणजे किती खोटं. म्हटलं, पूर्ण. मग तिने विचारलं, मला काय मिळणार. शेवटी असं ठरलं की चार शनिवार तिच्याऐवजी मी ग्राहकांच्या हेल्पलाइनवर बसायचं, नऊ ते एक. स्वस्तात सुटलो. तिची आणखी एक अट: सगळं लेखी हवं. तोंडी सूचनांवर ती काम करत नाही.

८ मार्च, रविवार

नियमपत्रक तयार. अकरा नियम, दीड पान. आमच्या पुस्तिकेच्याच साच्यात लिहिलं, हात बसलेला आहे. रोज दुपारी एक वाजता कँटीनच्या खिडकीजवळ एकत्र जेवावे. एकमेकांना अरे-तुरे करावे. जेवताना किमान दोनदा हसावे. नियम चार: सुटल्यावर लिफ्टपासून गेटपर्यंत हात धरून चालावे, चालताना वापरकर्त्याने चित्रकाराकडे बघावे. नियम नऊ: एकमेकांत गुंतू नये. नियम अकरा: तिसाव्या दिवशी सायंकाळी साडेपाच वाजता हे सर्व आपोआप बंद होईल; कोणीही कारण विचारू नये.

नियम नऊ तिच्या भल्यासाठी घातला. महिनाभर माझ्या सहवासात राहायचं म्हणजे धोका तिलाच आहे.

९ मार्च, सोमवार. दिवस पहिला

अरे-तुरे अवघड गेलं. मी म्हणालो, तू डबा आणलात का. ती म्हणाली, हो, तुम्ही घेतोस का थोडं. मग हसायलाच आलं. नियमाप्रमाणे दोनदा हसायचं होतं, पाचदा झालं. जास्त झालेलं पुढच्या दिवसात वळतं करता येईल.

चित्रकाराने एकदा बघितलं आणि परत सँडविच खायला लागली. पूर्ण संपवलं. दुःखात भूक वाढते असं वाचलंय.

१२ मार्च, गुरुवार. दिवस चौथा

चित्रकार रजेवर. एक वाजता तपासनीस तरीही खिडकीजवळ येऊन बसली. म्हटलं, आज गरज नाही. ती म्हणाली, तू 'रोज' असं लिहिलंयस. काम चोख आहे बाईचं. सुटल्यावर गेटपर्यंत हातही धरला. हात गरम होता. दिवसभर इस्त्र्या तपासत असते, त्यामुळे असणार.

गेटच्या पुढे बसस्टॉपपर्यंत धरूनच राहिलो. विसरून.

१४ मार्च, शनिवार

पहिली हेल्पलाइन. नऊ फोन. त्यातले सात वाफेच्या इस्त्रीचे आणि सातही पान सातचे, म्हणजे टाकीत पाणी कसं भरायचं. एक बाई म्हणाल्या, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे पाणी भरलं, झाकण उघडं ठेवलं, इस्त्री आडवी केली, सगळं पाणी पायावर. म्हटलं, पुन्हा नीट वाचून करा. त्यांनी फोन हातात धरून पुन्हा केलं. पुन्हा पायावर. हे ज्याने लिहिलंय त्याला माझी फरशी पुसायला पाठवा म्हणाल्या.

सगळं रजिस्टरमध्ये सुवाच्य अक्षरात नोंदवलं. शेजारी शेरा मारला: लोकांचं वाचन कमी झालं आहे.

१५ मार्च, रविवार. दिवस सातवा

काल फोनवर आईला सांगून टाकलं की चित्रकार गेल्याची काळजी नको, दुसरी मुलगी आहे. आज सकाळच्या पहिल्या बसने आई हजर. पिशवी दारातच ठेवून म्हणाली, कुठाय ती?

तपासनीसला फोन केला. आई या विषयावर नियमपत्रकात काहीच नाही, हे आधीच सांगितलं. तरी ती आली. आईला मी दोन वर्षांपूर्वी वॉशिंग मशीन घेऊन दिलंय, पुस्तिका माझ्याच हातची. आई एकच बटण दाबते आणि दारावर हात ठेवून बसते, असं आज कळलं. तपासनीसने माझ्या मशीनसमोर फरशीवर बसकण मारली आणि आईला विचारत बसली: मग तुम्ही काय दाबलंत, मग काय झालं, मग तुम्हाला काय वाटलं. तासभर. मी चहा केला. दोनदा.

निघताना आई म्हणाली, तू लिहिलेलं मला कधी कळलंच नाही रे, तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. मग म्हणाली, ही ऐकून घेते हो, हिला सोडू नकोस. आईला काय सांगणार. अभिनय उत्तम होता, एवढंच म्हणेन.

ता. क. बाथरूमच्या ग्लासात तपासनीसने माझा दाढीचा ब्रशही उभा करून ठेवलाय. ग्लास आता कलंडत नाही.

१८ मार्च, बुधवार. दिवस दहावा

माझ्या छत्रीची काडी कापडातून सुटली होती. तपासनीसने दोऱ्याने शिवून दिली. तीसुद्धा लिफ्टमध्ये, आजूबाजूला कोणी नसताना. बघायला कोणी नाही तर उपयोग काय? तिला पुढे समजावून सांगेन.

माझ्या बाजूने नोंद: मला काहीही वाटत नाही. फक्त शनिवार-रविवार फार मोठे वाटतात. शनिवारची हेल्पलाइन, दुसरं काय.

२० मार्च, शुक्रवार. दिवस बारावा

तपासनीसने तीन फायली आणून दिल्या. इस्त्री, मिक्सर, आणखी एक. तिसरी देताना म्हणाली, ही जरा सावकाश वाच. घाई होती. धडाधड तीन शिक्के मारले, चिठ्ठ्या तिच्या टेबलावर, फायली बाहेरच्या ट्रेमध्ये. टेबल एकदम स्वच्छ. समाधान.

२३ मार्च, सोमवार. दिवस पंधरावा

अर्धी मोहीम फत्ते.

जेवताना तपासनीसने विचारलं, चिठ्ठी वाचलीस का? मी म्हणालो, वाचली, काही बदलण्यासारखं नाही. ती डब्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, बरं. नंतर ठरल्याप्रमाणे दोनदा हसली. बरोब्बर दोनदा.

२४ मार्च, मंगळवार. दिवस सोळावा

चित्रकार स्वतःहून माझ्या टेबलापाशी आली. पंचवीस दिवसांत पहिल्यांदा. तुम्ही हात धरता तो डावा की उजवा, असं विचारलं. म्हटलं, डावा. बोटांत बोटं घालून की नुसता, असं विचारलं. म्हटलं, बोटांत बोटं. तिने ते वहीत टिपून घेतलं आणि पेन्सिल चावत निघून गेली.

वहीत टिपून घेतलं. इतकी जळलेली बाई मी आयुष्यात बघितली नाही. संध्याकाळी तर पेन्सिल घेऊन गेटपाशी उभीच होती. तपासनीसच्या कानात पुटपुटलो, बघ, काम होतंय. ती म्हणाली, हो का, छान.

२७ मार्च, शुक्रवार. दिवस एकोणिसावा

तपासनीस नियम इतके तंतोतंत पाळते की कौतुक वाटावं. एकला येते, दीडला उठते. दोनदा हसते. गेटवर हात सोडते, बसस्टॉपपर्यंत नाही. आधीचा ढिसाळपणा गेला. हेच मला हवं होतं.

जेवण उतरत नाही. डब्याचं झाकण बदलून बघतो.

४ एप्रिल, शनिवार. दिवस सत्ताविसावा

शेवटची हेल्पलाइन. सुटलो. पान सातच्या एकूण तक्रारी एकतीस, सगळ्या माझ्याच अक्षरात.

आईचा फोन. तिने म्हणे मशीनवर पडदे धुतले. ती मुलगी कशी आहे, असं दोनदा विचारलं. मजेत आहे म्हणालो. मग म्हणाली, आणि तू? मीही मजेत, म्हणालो.

६ एप्रिल, सोमवार. दिवस एकोणतिसावा

शिपाईकाकांनी छपाईहून नवीन पुस्तिकेचं प्रूफ आणून दिलं. कोणतं उपकरण, म्हणून उघडलं.

माझं नियमपत्रक. आकृत्यांसह.

तिसरी फाइल ती होती. मी शिक्का मारून ट्रेमध्ये टाकली, काकांनी नेहमीप्रमाणे चित्रकाराकडे नेली, आणि चित्रकाराने नेहमीप्रमाणे आपलं काम केलं. आकृती एक: खिडकीजवळचं टेबल, दोन डबे. आकृती तीन: हसणे, किमान दोनदा. बाण काढून दाखवलंय. म्हणजे तिला पंधरवडाभर सगळं ठाऊक होतं. छपाईवाले म्हणाले की रेषा सुंदर आली आहे. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. साहेब लिफ्टमध्ये म्हणाले, नियम सहा जरा स्पष्ट हवा होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सोबत चित्रकाराची चिठ्ठी होती. तिच्याकडून आलेलं काही मी पूर्ण वाचलं, असं पहिल्यांदाच झालं. 'आकृती चार मजकुराशी जुळत नाही, त्याबद्दल माफ कर. तू माझ्याकडे बघायचंस असं लिहिलंय. मी पेन्सिल घेऊन गेटपाशी आठ दिवस उभी राहिले, तू एकदाही बघितलं नाहीस. मी जे दिसतं ते काढते. सुखी राहा, आणि तिचं तरी ऐक.'

आकृती चारमध्ये लिफ्ट आहे, गेट आहे, एक बाई आहे आणि एक बावळट माणूस तिच्याकडे टक लावून बघतोय. कपाळ माझंच आहे.

संध्याकाळी सात. बराच वेळ विचार केला. पहिला निष्कर्ष, चित्रकार जळते आहे, तो मागे घेतला. दुसरा निष्कर्ष: मला तपासनीस आवडते. खूप. कधीपासून ते सांगता येणार नाही, बहुतेक किटलीपासून. लिहिलं एकदाचं.

उद्याची योजना: पाच वाजून पंचवीस मिनिटांनी बोलायचं. चार मुद्दे काढले आहेत. तशी गरज पडणार नाही, माझा अंदाज आहे की तीच आधी बोलेल.

७ एप्रिल, मंगळवार. दिवस तिसावा

ती आधी बोलली नाही.

पाच पंचविसाला मी मुद्द्यांचा कागद शोधत होतो. सापडला तेव्हा साडेपाच झाले होते. तिने खण बंद केला, पर्स उचलली आणि म्हणाली, तुमची छत्री खुर्चीला लटकलीय, विसराल.

तुमची. विसराल.

मी विचारणार होतो, असं का म्हणून. पण कोणीही कारण विचारू नये, असं लेखी आहे. मीच लिहिलंय. ती लिफ्टने गेली, मी जिन्याने. छत्री विसरलो.

९ एप्रिल, गुरुवार

तिने मिक्सरची नवी चिठ्ठी दिली. 'आपल्या माहितीसाठी' म्हणाली. 'आपल्या'. तुम्हीच्याही वरचं.

एक वाजता खिडकीजवळ एकटाच बसलो. एकदाही हसलो नाही.

१० एप्रिल, शुक्रवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. समोर हेल्पलाइनचं रजिस्टर. पान सातच्या एकतीस तक्रारी, एकतिसांपुढे माझाच शेरा. वाचन कोणाचं कमी झालंय, असं त्यांनी विचारलं. उत्तराची अपेक्षा नसावी. तपासनीसने या पानाबद्दल कधीच काही लिहिलं नाही हे मला शक्य वाटत नाही, म्हणाले. तिच्या चिठ्ठ्या काढा, बसून वाचा.

तिच्याकडे मागितल्या. तिने कपाटातून फोल्डर काढून दिलं, माझ्याकडे न बघता. या वर्षाच्या बेचाळीस चिठ्ठ्या, सगळ्यांवर माझा शिक्का. सगळ्यात वर इस्त्रीची नव्हती. २० मार्चची होती.

'नियम नऊ (एकमेकांत गुंतू नये): पाळून बघितला. सातव्या दिवसापासून पाळता येत नाही. बहुधा दोष माझ्यातच असेल. लेखकाने एकदा समोर बसून बोलावे, ही विनंती.'

त्यावर जांभळ्या शाईत, थोडा तिरका: मजकूर योग्य आहे, बदल नको.

मान वर केली तर तिची खुर्ची रिकामी. पाच पस्तीस झाले होते. फोल्डर घरी आणलं. मी मूर्ख आहे. याला काही टीप, खुलासा वगैरे जोडायचा नाही.

११ एप्रिल, शनिवार

१२.२०. माझे शनिवार संपले, म्हणजे आज हेल्पलाइनवर तीच असणार. घरून फोन केला. ती म्हणाली, नमस्कार, ग्राहक सेवा, कोणतं उपकरण? आवाज ओळखला असावा, पण पुढचं सगळं ठरलेल्या प्रश्नांप्रमाणेच विचारलं. मी सांगितलं, मंगळवारी साडेपाचला आपोआप बंद पडलं, परत सुरू करायचं आहे. तिने विचारलं, पुस्तिकेत तसंच लिहिलंय का. म्हटलं, हो. लिहिणाऱ्याला हे कळवलं होतं का? म्हटलं, कळवलं होतं, त्याने वाचलं नाही. तो गाढव आहे. पलीकडे दुसरा फोन वाजत होता, तो तिने घेतला नाही.

मग म्हणाली, तपासणीच्या चिठ्ठ्या किती आहेत तुमच्याकडे. बेचाळीस. वाचल्या किती. एक. ती म्हणाली, मग उरलेल्या एक्केचाळीस आधी नीट वाच, आणि मग फोन कर. आणि ठेवून दिला.

'वाच' म्हणाली. 'वाचा' नाही. ग्राहकाशी असं बोलणं हेल्पलाइनच्या नियमात बसत नाही. तक्रार करणार नाही.

१२.४०. वाचतोय. घाई करून चालणार नाही, ती मधलंच काहीतरी विचारेल. मिक्सर: तिचं बरोबर. टोस्टर: तिचं बरोबर. पान सातबद्दल तीन वेगवेगळ्या चिठ्ठ्या आहेत, तिसरीत अक्षर फार मोठं आहे. तिन्ही बरोबर.

१.०५. अठरा झाल्या. हेल्पलाइन एकला बंद झाली, आणि तक्रार तिथे नोंदवलेली असताना तिच्या स्वतःच्या नंबरवर फोन करणं बरोबर नाही; आता थेट पुढच्या शनिवारी. सोमवारी ती समोरच बसलेली असेल म्हणा, पण तिने 'फोन कर' असं सांगितलंय आणि या वेळी मला सांगितल्याप्रमाणे करायचं आहे.

१.१०. एकोणिसावी. व्हॅक्युम क्लीनर, जानेवारी. शेवटी बारीक अक्षरात लिहिलंय: लेखक हे वाचणार नाही हे माहीत आहे, तरी लिहिते.

त्यावर माझा शिक्का आहे. मजकूर योग्य आहे.